ओहोटी सव्वासातला

कुपवाड
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

दादा,

तुझ्या फोनवर माझा नंबर बंद आहे, म्हणून टपाल. खंडाळ्याचा पत्ता अंजनावहिनींनी दिला. त्यांना बोलू नकोस. मी दोनदा मागितला, तेव्हा कुठे दिला.

काम एकच आहे. सोबत पालकांच्या संमतीचा एक छापील कागद आहे, त्यावर तुझी सही हवी.

वस्तीवरच्या आपल्या शाळेची सहल ६ डिसेंबरला निघते. तिसरी-चौथीची बावीस मुलं, आकाराम गुरुजी, दोन आया आणि मी. रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्यावरचं एक छोटं गाव आहे, तिथल्या शाळेत शनिवारी मुक्काम. रविवारी सकाळी खडकांवर जायचं. ओहोटीला समुद्र मागे सरकतो तेव्हा खडकांच्या खळग्यांत पाणी अडकून राहतं, आणि त्यात राहणारे जीव तिथेच थांबतात. शंखात घर केलेले खेकडे, बोटाएवढे मासे, फुलासारखी दिसणारी आणि हात लावला की मिटणारी समुद्रफुलं. मुलांनी एका खळग्यापाशी बसायचं आणि बघायचं. गुरुजींचं म्हणणं, जतच्या पोरांनी पाणी फक्त टँकरच्या पाइपातून पडताना बघितलंय, त्यांना एकदा राहतं पाणी दाखवू. नियोजन त्यांनी माझ्याकडे दिलं, कारण त्यांच्या मते मी इंजिनिअर आहे. मी डिप्लोमा आहे, हे त्यांना तिसऱ्यांदा सांगितलं.

रविवारची ओहोटी सकाळी सव्वासातच्या सुमारास आहे. दत्तजयंती गुरुवारी, म्हणजे रविवार हा पौर्णिमेनंतरचा तिसरा दिवस. पाणी बरंच खाली जाईल आणि तोवर उजाडलेलं असेल. कागदाच्या मागे मी अकरा नियम छापले आहेत. पहिला, समुद्राकडे पाठ करायची नाही. दुसरा, जोडीदाराचा हात दिसेल इतक्यातच राहायचं. खडकाला चिकटलेलं काही ओढून काढायचं नाही. दगड उचलला तर होता तसाच, त्याच अंगावर परत ठेवायचा. वरची बाजू खाली गेली तर खालचे जीव उन्हात मरतात आणि वरचे अंधारात. निमुळत्या शंखांना हात लावायचा नाही, काहींना विषारी काटा असतो. रिकामा शंखही घ्यायचा नाही, कारण तो कुणाचं तरी पुढचं घर असतं. बाकीचे तू वाच.

तुझ्या साक्षीचं नाव यादीत पेन्सिलने लिहिलेलं आहे. तुझी सही आली की पेनने लिहीन.

दोन वर्षांपूर्वीचं तुझ्या मनात असणार. त्या वेळी पाणी अचानक वाढलं. ह्या वेळी वेळेची आखणी आधी केली आहे.

पाकिटात माझा पत्ता लिहिलेलं दुसरं पाकीट आहे, तिकीट लावून.

प्रांजल


कुपवाड
मंगळवार, १८ नोव्हेंबर

दादा,

कागद काल परत आला. सही नाही. मागच्या बाजूला, अकराव्या नियमाखाली, तुझ्या अक्षरात एक ओळ: 'मागच्या वेळी काय झालं ते लिही. खरं लिही.'

लिहिते.

आधी एक दुरुस्ती. पाणी अचानक वाढत नाही. मागच्या पत्रातला तो शब्द चुकीचा होता. पाणी ठरल्या वेळी वळतं, ठरल्या वेगाने चढतं, आणि ती वेळ आधी छापून मिळते. माझ्याकडेही होती. ओहोटी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी होती आणि मी साक्षीला घेऊन बरोबर सहा दहाला खडकावर उतरले. मला वाटलं, दिलेली वेळ म्हणजे कामाला सुरुवात करायची वेळ. लॅबमधल्या आमच्या पाळीसारखी. प्रत्यक्षात ती वेळ संपवायच्या जवळची असते. ओहोटीच्या तासभर आधी, पाणी उतरत असतानाच त्याच्या मागोमाग खाली जायचं असतं आणि ते वळलं की निघायचं असतं. आम्ही साडेसातपर्यंत खाली होतो. ऐंशी मिनिटं. लाट गुडघ्याएवढीच आली. साक्षी घसरली आणि खडकावरच्या कालवांच्या, म्हणजे धारदार शिंपल्यांच्या, कडेवर तिचा पाय गेला. उजवा पाय, गुडघ्याखाली चार बोटं. सात टाके.

मी त्या वेळी काय करत होते, हे तू विचारणारच. मी एका समुद्रफुलाचा फोटो काढत होते. माझी पाठ समुद्राकडे होती आणि साक्षी माझ्या पाठीमागे होती. पहिला नियम तिथून आला आहे.

हे झालं मागचं.

आता तयारीचं. गेल्या शनिवारी मी जतला जाऊन आले. शाळेच्या मैदानात गुरुजींनी फक्कीने खडक आखले, मध्ये एक घळ आखली आणि मुलांना जोडीजोडीने चालवलं. मी शिट्टी वाजवली की मुलांनी असतील तिथून उठून जोडीदाराचा हात धरायचा आणि शाळेच्या पायरीकडे यायचं. पहिल्या वेळी चार मिनिटं लागली, पाचव्या वेळी पन्नास सेकंद. साक्षीची जोडीदार शिवांजली आहे, गुरुजींची पुतणी. तिने हात वर करून विचारलं, "ताई, समुद्राचा कॉक कुणाकडं असतोय? बंद कोण करतंय?"

गुरुजी म्हणाले, "तुझ्या आज्ज्याकडं. ग्रामपंचायतीतनं जाऊन चावी घिऊन ये."

त्यावर दहा मिनिटं हसणं. मग चंद्राचं सांगितलं. पटलं असं वाटत नाही.

आईचं म्हणणं वेगळंच. "एवढं लांब पाणी बघाय जायाचं आन बघून मोकळ्या हातानं यायाचं? एक कॅन तरी भरून आना की."

"खारं असतंय गं आई."

"मंग कशाला एवढं ठेवलंय त्यानं?"

देवाला विचार, मी म्हणाले.

कागद पुन्हा पाठवते आहे, नवीन प्रत. शेवटची तारीख १ डिसेंबर.

प्रांजल


कुपवाड
बुधवार, २६ नोव्हेंबर

दादा,

तू मला लिहिलं नाहीस. आईला फोन केलास. तिने मला जसंच्या तसं सांगितलं: "त्यो म्हनला, पान्याचं मी इचारलंच न्हाई. तिला म्हनावं, पान्याचं लय शिकवू नको मला."

आई पुढे म्हणाली, "आगं, आबांचा अंगठा घे आन मोकळी हो. साक्षी ऱ्हाती कुठं? हितंच न्हवं? मंग आज्ज्याचा अंगठा चालत न्हाई व्हय?" गुरुजींनाही चालतो. त्यांनी शाईचा पॅडसुद्धा आणला होता. मी नको म्हणाले. आबांनी अंगठा धोतराला पुसला, शाई न लागताच.

अंगठा घेतला असता तर साक्षी सहलीला गेली असती आणि तुला कळलं असतं की तुला बाजूने वळसा घालता येतो. एकदा घातला आहे. म्हणून नको.

तर ते लिहिते.

टाके घातले त्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कशाने कापलं. मी खरं सांगितलं. बाहेर आले, गाडीत बसले आणि मला आठवलं की परवा भाऊबीज आहे आणि तू येणार आहेस. मी साक्षीचा पाय मांडीवर घेतला आणि पट्टीच्या कडेने जखम बघितली. कड सरळ होती, एका टोकाला उथळ. पत्र्याने कापलं तर साधारण अशीच जखम होते. म्हणून मी पत्रा निवडला. गोठ्यामागचा, जुना, छपरावरून काढून ठेवलेला. जखमेला जुळेल असं कारण मी मोजून काढलं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मग तिला शिकवलं. "पप्पांनी विचारलं तर काय सांगायचं?" ती सात वर्षांची होती. पहिल्यांदा म्हणाली, "समुद्रात पडले." मी म्हणाले, नाही. दुसऱ्यांदा म्हणाली, "पत्र्यावर पडले, समुद्राच्या." मी म्हणाले, समुद्राचं नाव घ्यायचं नाही. मिरज येईपर्यंत तिचं पाठ झालं. मग ती झोपली.

भाऊबीजेला मी तुला ओवाळलं. तू साक्षीला मांडीवर घेऊन पट्टीवर हात ठेवलास आणि विचारलंस. तिने बरोबर सांगितलं. एकही शब्द चुकला नाही. तू उठून तो पत्रा शोधायला गोठ्यामागे गेलास, आणि दुसरा कुणी पडू नये म्हणून तो दुमडून, दगड ठेवून आलास. मी ताट हातात घेऊन बघत होते. त्या वेळी सांगायला हवं होतं. वेळ भरपूर होता.

चार महिने ती ते सांभाळून होती. होळीला वहिनींच्या आमटीत मीठ जास्त पडलं आणि ती म्हणाली, "समुद्राएवढं खारट न्हाई पर." मग तू विचारलंस आणि ती रडायला लागली. तुला सांगितल्यावर ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "आत्या, माझ्याकडनं चुकून झालं." माझी माफी मागत होती ती.

तुझा राग टाक्यांवर नाही, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. गेली दोन वर्षं मी तो टाक्यांवरच आहे असं धरून चालले, कारण टाक्यांचं उत्तर देता येतं. वेळा आणि पाण्याची उंची काढता येते, नियम छापता येतात. तुझ्या लेकीला मी तुझ्याशी खोटं बोलायला शिकवलं, ह्यावर छापण्यासारखा नियम नाही.

एवढंच आहे. सही करायची की नाही हे तू ठरव. नाही आली तर साक्षी राहील, आणि का राहिली हे तिला मी सांगेन. तू सांगायची गरज नाही.

प्रांजल


कुपवाड
मंगळवार, २ डिसेंबर

दादा,

कागद काल दुपारी पोचला. सही आहे. रक्तगटाचा रकाना मी रिकामा ठेवला होता, तो तू भरलास. दुसरं काही लिहिलेलं नाही. पाकीट फाडून आतूनही बघितलं.

साक्षीचं नाव पेनने लिहिलं.

प्रां.


रविवार, ७ डिसेंबर, सकाळचे सव्वादहा
किनाऱ्यावरच्या शाळेची ओसरी

दादा,

सगळी मुलं ठीक आहेत. साक्षी ठीक आहे, तिला खरचटलेलंही नाही. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तुला शांतपणे वाचता येईल. पुढचं चांगलं नाही.

गाडी बाराला निघेल. त्याआधी हे पत्र पेटीत पडायला हवं.

काल दुपारी पोचलो. मुलांनी पहिल्यांदा समुद्र बघितला तेव्हा मला वाटलं होतं ओरडतील. कुणी ओरडलं नाही. शिवांजली म्हणाली, "एवढं सांडलंय, आन कुनी भरून घेत न्हाई?"

आमच्याबरोबर इथल्या शालूबाई होत्या. वय साठच्या आसपास, खडकांवरची कालवं काढतात, लहानपणापासून तेच काम. मी त्यांना माझं वेळापत्रक दाखवलं. त्यांनी कागद लांब धरून बघितला आणि परत दिला. "वेळ बरोबर आहे गो बाय. पण खाली उतरलीस की घड्याळ बघू नको. ती घळ बघ. घळीत पाणी उलटं चालायला लागलं की तुझी शिट्टी वाजव." घळ म्हणजे दोन खडकांमधली चार-पाच हात रुंद वाट, भरती आधी तिथूनच आत शिरते. मी ते वेळापत्रकाखाली लिहून घेतलं.

आज सव्वासहाला, फटफटताना उतरलो. दीड तास काम नीट झालं. नीट म्हणजे, मुलं एका एका खळग्यापाशी चौघं-चौघं बसली आणि अर्धा तास एकाच जागी बसून राहिली. तू म्हणशील आपल्या वस्तीवरची पोरं अर्धा तास बसली? बसली. आधी त्यांना काहीच दिसलं नाही. मग पाण्यात त्यांची सावली स्थिर झाली आणि तळाचा एक शंख चालायला लागला. त्यानंतर कुणाला उठवावं लागलं नाही. शिवांजलीने बोट ओलं करून, शिकवल्याप्रमाणे एकदाच, समुद्रफुलाला लावलं. ते मिटलं.

"लाजलं व्हय गं हे?"

शालूबाई म्हणाल्या, "तुझ्या तोंडात कुणी बोट घातलं तर तू उघडंच ठेवशील का?"

साक्षी दगड परत ठेवण्यात सगळ्यांत नीट होती. दुसऱ्यांनी ठेवलेलेही तपासत होती.

आठला दहा कमी असताना घळीतलं पाणी वळलं. मी शिट्टी वाजवली. जोड्या झाल्या, रांग झाली, मी मोजलं. बावीस. पुन्हा मोजलं. बावीस. अकरा जोड्या, सगळ्यांचे हात धरलेले. मी गुरुजींना म्हणाले, चला. त्यांनी रांग पुढे काढली, मी सगळ्यांच्या मागे. पाच-सहा पावलं गेल्यावर मी मागे बघितलं आणि साक्षी घळीच्या पलीकडच्या खडकावर दिसली.

रांगेतली बावीसावी मुलगी शालूबाईंची नात होती. सकाळपासून आमच्या मुलांत खेळत होती. साक्षीने तिला स्वतःच्या जागी उभं केलं होतं, शिवांजलीचा हात तिच्या हातात दिला होता आणि सांगितलं होतं, जरा हितं ऱ्हा, मी आलेच.

मी मुलांना सोडून मागे जायचं नाही, असं आमचं आधीच ठरलेलं होतं. रांग थांबवली, शिट्टी दिली. शालूबाई गेल्या. घळीत पाणी त्यांच्या पोटरीला लागत होतं, येताना साक्षीच्या गुडघ्याच्या वर. त्यांनी तिला उचललं नाही. दंड धरून, एकेक पाय टेकवत आणलं. जाऊन यायला चार मिनिटं. मी घड्याळ बघितलं, कारण दुसरं काही करता येत नव्हतं.

आता ती तिथे का गेली होती.

त्या खडकाच्या माथ्यावर ओंजळीएवढा खळगा होता. बाकीच्या खळग्यांपेक्षा उंच, त्यामुळे त्यातलं पाणी जवळपास संपलेलं. तळाला चार-पाच गोगलगायी आणि एक मासा, अर्धा उघड्यावर. साक्षीने तो सकाळीच बघून ठेवला होता. निघायची शिट्टी झाली तेव्हा तिला वाटलं, आता आपण जाणार, ह्याचं कोण बघणार. ती गेली आणि स्वतःची पाण्याची बाटली त्यात ओतली. सगळी. काल जतहून भरून आणलेली, आईच्या माठातली.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तू म्हनली असतीस, येळ झाली."

बरोबर आहे. तसंच म्हणाले असते.

"आणि ती मुलगी उभी का केलीस?"

"तू आकडा मोजतीस आत्या. आबा मेंढरांची तोंडं बघत्यात. तू तोंड न्हाई बघत."

ह्यावर गुरुजी दुसरीकडे बघायला लागले. आकडा जुळवून द्यायचा, म्हणजे पुढचं कुणी विचारत नाही, हे ती कुणाकडून शिकली ते मला माहीत आहे. तुलाही आहे.

शालूबाईंनी रिकामी बाटली हातात घेतली, वास घेतला. "गोडं पाणी ओतलंस होय?" आणि मग सांगितलं, की खाऱ्या पाण्यातल्या जिवांना गोडं पाणी सोसत नाही. आपल्याला समुद्राचं पाणी पाजलं तर जसं होईल, तसंच ते. तो मासा उन्हातही आणखी तासभर टिकला असता. भरती येईपर्यंत थांबायची त्याला सवय असते.

साक्षीचा चेहरा मी तुला लिहून दाखवू शकत नाही. "पर तेला म्हाईत न्हवतं की पानी कवा येनार. आमच्यात टँकर आला न्हाई तर शेजारची देत्यात की."

शालूबाईंना टँकरचं समजावून सांगावं लागलं. ऐकून घेतल्यावर त्या खाली बसल्या आणि साक्षीच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझं मन बरोबर आहे गो. पण त्याचा टँकर चुकत नाही. तो बघ, येतोय."

आम्ही वरच्या कोरड्या खडकांवर सगळ्या मुलांना बसवलं आणि वाट बघितली. नऊला दहा कमी असताना पहिली लाट त्या खळग्यावरून गेली. एक तासभर गोडं पाणी त्या माशाच्या अंगाला लागलं. जगला का, हे मला सांगता येत नाही. शालूबाई म्हणाल्या, जगला असेल. साक्षीने मला विचारलं. मी म्हणाले, माहीत नाही. तिला ते 'जगला असेल'पेक्षा जास्त पटलं, असं मला वाटलं.

माझ्या अकरा नियमांत घेण्याबद्दल चार नियम आहेत. ओढायचं नाही, वेचायचं नाही, भरायचं नाही, न्यायचं नाही. द्यायचं नाही, असं मी कुठेच लिहिलं नव्हतं. जतच्या मुलांना घेऊन येताना ते पहिलं लिहायला हवं होतं. आपल्याकडे कुणाचं पाणी संपलेलं दिसलं तर मूल काय करेल, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी तिथेच वाढले.

परत येताना साक्षी माझ्या बाजूने चालत होती. शाळेजवळ आल्यावर तिने विचारलं, "आत्या, पप्पांना काय सांगायचं?"

घाबरून विचारलं नाही. तयारीने विचारलं. मी सांगेन ते ती पाठ करणार होती.

"जे झालं ते."

"समदं?"

"सगळं."

"पप्पा मंग परत पाठवनार न्हाईत."

"नाही पाठवणार कदाचित."

"तुझ्याशी बोलनार पन न्हाईत."

"असू दे. आधी मी लिहिते, मग तू फोनवर सांग. दप्तरातनं पेन काढ."

जानेवारीत शेजारच्या वस्तीची मुलं घेऊन मी पुन्हा येणार आहे. शालूबाईंना तारीख दिली आहे. नियम तेरा होतील. काही द्यायचं नाही, हा एक. आणि मोजताना आकडा म्हणायचा नाही, प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून नाव घ्यायचं, हा दुसरा. हा माझ्यासाठी आहे. काम मला येतं, दादा. आजही एक चूक सोडली तर ते चांगलं झालं, आणि ती चूक मी तुझ्यापुढे ठेवली आहे. साक्षीला पुन्हा पाठवायचं की नाही ते तू बघ. पाठवलंस तर ती माझ्या हाताशी असेल, रांगेत नाही.

पत्र इथे संपलं होतं. साक्षीला वाचायला दिलं, कारण ते तिच्याबद्दल आहे. ती बोट ठेवून वाचत गेली, आणि दुसऱ्या पानावर थांबली.

"हे चुकलंय."

"कुठं?"

"तू मागं न्हाई बघितलंस. मी हाक मारली. दोनदा मारली. दुसऱ्यांदा मारली तवा तू बघितलंस."

मी आठवून बघितलं. ती म्हणते तसंच झालं. मी बावीस म्हणाले आणि समुद्राकडे पाठ करून चालायला लागले होते. हाक आली नसती तर किती पावलं गेले असते, माहीत नाही. आणि हे लिहिताना मी मुद्दाम बदललं नाही, दादा. हात आपोआप तसा गेला. ते जास्त वाईट.

आमच्या लॅबमध्ये रिडिंग चुकीचं लिहिलं गेलं तर पान फाडत नाहीत, पांढरी शाईही लावत नाहीत. चुकलेल्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. वर बरोबर ते लिहायचं आणि शेजारी सही करायची. 'मी मागे बघितलं' ह्या शब्दांवर तशी रेघ मारली आहे. वर साक्षीच्या अक्षरात आहे: 'मी दोनदा हाक मारली.' शेजारी दोन सह्या आहेत. पहिली तिची आहे. तिने आजवर कुठे सही केलेली नाही, म्हणून पूर्ण नाव लिहिलं: साक्षी बिरदेव, आणि तुझ्या नावापुढे आडनावाला जागा पुरली नाही.

प्रांजल